खांदा कोणाचा आणि किती वर्षांचा?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'खांदा' असे उत्तर दिले. विचारायला आलेले गृहस्थ जरा घुटमळले आणि म्हणाले, "खांदा म्हणजे समाजाचा का?" त्यांचा दोष नाही. या व्यासपीठावर संतवाङ्मय येते, अर्थकारण येते, इतिहास तर दरवर्षी येतो; तेथे हाडामांसाचा खांदा कशाला यावा? परंतु मराठी भाषेने या अवयवावर जेवढा भार टाकला आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर टाकला असेल. जबाबदारी आपण खांद्यावर घेतो, संकटात खांद्याला खांदा लावतो, मंत्रिमंडळात खांदेपालट करतो, आणि अखेर चौघांच्या खांद्यांवरूनच घराबाहेर पडतो.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना पोळ्याच्या आदल्या दिवसाची खांदेमळण आठवत असेल. बैलांना धुऊन त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. आमचे आजोबा हे काम गड्यावर सोपवीत नसत. ते प्रथम नुसता हात फिरवीत. कोणत्या बैलाचा खांदा जुवाखाली सुजला आहे, कोणत्याची कातडी राठ झाली आहे, कोणता हात लावताच अंग काढून घेतो, हे पाहून मगच चोळायला लागत. आणि एखाद्याला पुढे आठवडाभर जुवाखाली घालू नका म्हणून सांगत. जू एकच, पण त्याखालचे खांदे दोन, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. आम्हांला मात्र ते शिकायला पदवीनंतर पुष्कळ वर्षे लागली. ती हकीकत पुढे येईलच.

आमचा धंदा व्यायामोपचाराचा. शहरातले लोक त्याला फिजिओथेरपी म्हणतात, आणि तालुक्याहून येणारी मंडळी 'शेक द्यायचा दवाखाना' म्हणतात. खेळाडू, शेतकरी, शिक्षक, धुणीभांडी करणाऱ्या बाया, सगळे तेथे एकाच बाकावर बसतात, आणि पुष्कळदा सगळ्यांची तक्रार एकच असते: "हात वर जात नाही."

हात वर जातो म्हणजे काय होते, ते आधी पाहू. आपण शेजारच्या गृहस्थांच्या (भगिनींनी भगिनींच्या) पाठीवर, खांद्याच्या मागे जे सपाट तिकोनी हाड लागते त्यावर तळहात ठेवा, आणि त्यांना हात हळूहळू डोक्यावर न्यायला सांगा. संकोच नको, व्याख्यानात एवढी मोकळीक असावी. ते हाड आपल्या तळहाताखालून सरकले ना? त्याला खवाटा किंवा फरा म्हणतात. हात मांडीपासून डोक्यापर्यंत सुमारे १८० अंश फिरतो. त्यांपैकी १२० अंश खुद्द सांध्यात मिळतात आणि उरलेले ६० अंश हा खवाटा बरगड्यांवरून सरकून देतो. म्हणजे ज्याला आपण खांदा म्हणतो तो एक सांधा नसून एक मंडळी आहे, आणि त्या मंडळीत एकाने अंग काढले की दुसऱ्यावर ओझे पडते.

सांध्याची रचनाही मोठी विलक्षण आहे. कमरेच्या सांध्यात खोल वाटीत गोळा बसावा तसे मांडीचे हाड बसते. खांद्यात वाटी नाहीच, उथळ बशी आहे, आणि तिच्यावर तिच्याहून कितीतरी मोठा गोळा टेकलेला आहे. हाडांच्या दृष्टीने पाहिले तर सगळा हात धडाला जोडलेला आहे तो केवळ गळ्याखालच्या आडव्या हाडाने. बाकी सारा कारभार मांसाचा आणि दोरांचा. गोळ्याला पुढून, वरून आणि मागून चार स्नायूंनी वेढलेले आहे. सदऱ्याच्या बाहीला कफ असतो त्याप्रमाणे हा वेढा, म्हणून त्याला रोटेटर कफ असे नाव पडले. या चौघांचे काम हात उचलण्यापेक्षा गोळा बशीच्या मध्यावर राखण्याचे अधिक. निसर्गाने येथे स्थैर्य विकून स्वातंत्र्य घेतले आहे. म्हणून माणसाला भाला फेकता येतो, मल्लखांबावर हातांच्या जोरावर पकड घेता येते, पाठीमागे हात नेऊन पोलक्याचे बंद बांधता येतात. आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सर्वांत अधिक निखळतो तो हाच.

आता दुसरी एक गोष्ट सांगतो, तिच्यावर या व्याख्यानाचा पुष्कळसा भार आहे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यातील चेंडू फेकणाऱ्याचा दंड फेकीच्या क्षणी सेकंदाला सात हजार अंशांहून अधिक वेगाने आत वळतो. तोच वेग टिकला तर दंडाचे सेकंदाला जवळजवळ वीस फेरे व्हावेत. अशा खेळाडूंचे खांदे तपासले तेव्हा दिसले की फेकीचा हात बाहेरच्या बाजूला दुसऱ्या हातापेक्षा अधिक वळतो आणि आतल्या बाजूला कमी. पुस्तकाच्या मापाने तो खांदा बिघडलेला. पण तो बिघाड नव्हे. लहानपणापासून फेकत राहिल्याने वाढत्या वयात दंडाच्या हाडाचा पीळच निराळा राहतो. त्या खांद्याला 'नीट' करायला जाल, तर चालत्या गाड्याची खीळ काढल्यासारखे होईल.

छायाचित्राचेही असेच आहे. एम.आर.आय. यंत्राने खांद्याचे आतले चित्र उत्तम निघते, आणि त्या चित्रात काहीतरी फाटलेले, झिजलेले सापडले की रोगी आणि वैद्य दोघांचेही समाधान होते. पण ज्यांना काडीचेही दुखत नाही, अशा फेकणाऱ्या खेळाडूंच्या चित्रांतही बशीच्या कडेची कूर्चा उसवलेली सापडते; आणि साठीपुढच्या पुष्कळ लोकांच्या कफाला चीर असते, तरी ते खुशाल पंचांग काढायला फळीवर हात घालतात. चित्रात दिसलेली चीर आणि आपल्याला होणारी वेदना यांचे लग्न लावण्यापूर्वी दोघांची ओळख तरी करून घ्यावी.

याचे एक मोठे उदाहरण आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९७२ साली असे मांडले की, खांद्यावरच्या हाडाची पुढे आलेली कड कफाला घासते, ती तासून जागा मोकळी केली की दुखणे जाते. उपपत्ती इतकी सुबोध की कोणालाही पटावी. दारात पाय घासतो तर उंबरठा तासा! पुढे दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया करता येऊ लागली आणि जगभर ती अफाट झाली. मग ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांनी मिळून ३१३ रोग्यांवर एक परीक्षा केली. काहींची कड तासली, काहींच्या खांद्यात केवळ दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केले नाही. निष्कर्ष २०१८ साली छापून आला. तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरक सापडला नाही. फिनलंडमध्ये २१० रोग्यांवर झालेल्या परीक्षेचा निकालही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, तोही तसाच. याचा अर्थ शस्त्रक्रियाच खोटी, असे कृपा करून घरी जाऊन सांगू नका. पडून कफ तुटला किंवा तरुण खेळाडूचा खांदा वारंवार निखळू लागला, तर शस्त्रच लागते, आणि वेळेवर लागते. अर्थ एवढाच की 'खांदा दुखतो' हे निदान नव्हे. ती फक्त तक्रार आहे.

आता शल्यविशारदांचे दोष सांगून झाल्यावर स्वतःचे सांगितले पाहिजेत. प्रारंभीच्या वर्षांत आमच्या दवाखान्यात एक छापील कागद असे. त्यावर खांद्याचे दहा व्यायाम चित्रांसह काढलेले, आणि खाली 'प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोनदा'. कागद सुबक होता. आम्हांला त्याचा अभिमानही होता. बाकावरच्या प्रत्येकाला तो मिळे. एक पोहणारी मुलगी आली. वय पंधरा, जिल्ह्याच्या संघात नुकतीच निवडलेली, पहाटे दोन तास आणि संध्याकाळी दोन तास पाण्यात. पोहणाऱ्याचा हात वर्षाकाठी लाखो वेळा पाणी ओढतो, तेव्हा खांदा दुखण्यात नवल नव्हते. आम्ही कागद दिला. त्यातले चार व्यायाम खांदा ताणण्याचे होते. मुलगी मोठी निष्ठावान. सांगितले त्याच्या दुप्पट करी. सहा आठवड्यांनी ती आली तेव्हा दुखणे वाढले होते आणि रात्रीची झोप गेली होती. तेव्हा कुठे आम्ही तिचे दोन्ही हात नीट हलवून पाहिले. तिचे सगळेच सांधे मुळात सैल होते. कोपर मागे वाकत होते, अंगठा मनगटाला टेकत होता. जो खांदा आधीच बशीवर ठरत नव्हता, त्याला आम्ही आणखी सैल करीत बसलो होतो. तिला हवे होते ते ताणणे नव्हे, आवरणे. त्या वर्षीच्या स्पर्धा तिच्या गेल्या. तिची आई आम्हांला एक शब्द बोलली नाही, आणि ते अधिक लागले. तो कागद आम्ही त्यानंतर कोणाला दिलेला नाही.

मग आता काय करतो, असे आपण विचाराल. पहिल्या दिवशी व्यायाम फारसे देत नाही, विचारतो फार. हे काम कोणते, हात डोक्यावर दिवसातून किती वेळा जातो, रात्री कोणत्या कुशीवर झोपता, मधुमेह आहे का. हा शेवटचा प्रश्न ऐकून काही जण चमकतात. पण चाळिशी ते साठीच्या दरम्यान खांदा हळूहळू आखडत जातो, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, तो मधुमेह्यांना इतरांपेक्षा पुष्कळ अधिक होतो. आणि तो ठणकत असताना जोर लावून फिरवला तर रोग्याचे केवळ हाल होतात. ठणका ओसरून आखडलेपणा उरला, की तोच जोर उपयोगी पडतो. महिना बदलला की औषध बदलले.

त्यानंतर येते मात्रा. व्यायाम ही औषधाप्रमाणे मोजून घेण्याची वस्तू आहे, हे आपल्याकडे अजून पटलेले नाही. जोर-बैठकांचा देश आपला, 'जितके अधिक तितके उत्तम' ही आपली परंपरा. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो. पण स्नायू ज्या दोरीने हाडाला बांधलेला असतो ती कंडरा सावकाश बळकट होते, तिला महिने लागतात. मधल्या काळात अंगात जोर आलेला असतो आणि दोरी जुनीच असते. बहुतेक उतावळे खेळाडू त्याच सुमारास पुन्हा दुखावतात. आम्ही रोग्याला सांगतो, व्यायाम करताना थोडे दुखले तर भिऊ नका; पण रात्री ठणकले, किंवा दुसऱ्या सकाळी कालच्याहून अधिक दुखले, तर मात्रा जास्त झाली. हा दुसऱ्या सकाळचा हिशेब ज्याचा त्यालाच ठेवता येतो, आम्हांला नाही.

आणि पुष्कळदा खांद्याचा उपचार पायांपासून सुरू करावा लागतो. टेनिसच्या सर्व्हिसमधली निम्म्याच्या आसपास ताकद पाय, कंबर आणि धड यांतून येते. ज्या गोलंदाजाचा घोटा मुरगळून नीट बरा झालेला नाही, त्याची उणीव खांदा भरून काढतो, आणि एक दिवस तक्रार करतो. घरात मिळवता माणूस आजारी पडला की धाकट्याची शाळा सुटते, तसेच हे.

येथवर खांदा कोणाचा, हे झाले. आता किती वर्षांचा? हा प्रश्न अधिक अवघड, कारण त्याचे उत्तर शरीरशास्त्रात नाही.

बॉस्टन शहरात अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक शल्यविशारद होऊन गेले. जन्म १८६९, मृत्यू १९४०. खांद्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९३४ साली निघाला आणि 'फ्रोझन शोल्डर' हे नावही त्यांनीच रूढ केले. पण आम्हांला त्यांचे कौतुक आहे ते दुसऱ्या कारणासाठी. ते म्हणत की शस्त्रक्रिया झाली, रोगी चालत घरी गेला, एवढ्यावर रुग्णालयाने यश नोंदवू नये. वर्षाने आणि त्याहून पुढे तो कसा आहे ते पाहून, जे साधले नाही तेही छापावे. ही सूचना सहकाऱ्यांना रुचली नाही, हे सांगायला नकोच. १९१४ साली त्यांनी आपल्या मोठ्या रुग्णालयातील जागेचा राजीनामा दिला. १९१५ मध्ये एका वैद्यकीय सभेत त्यांनी एक भले मोठे व्यंगचित्र उघडले. त्यात वाळूत डोके खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी घालतो आहे, आणि ती कोण वेचतो आहे हे सभेतल्या प्रत्येकाला कळत होते. गहजब झाला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात मात्र त्यांनी आपल्या चुका यादी करून प्रसिद्ध केल्या. ज्या माणसाने खांदा एवढा अभ्यासला त्यालाच 'पुढे काय झाले?' हा प्रश्न सुचावा, हा आम्ही निव्वळ योगायोग मानीत नाही. खांद्याच्या चुका सावकाश उमटतात.

आमची स्वतःची उमटायला पंधरा वर्षे लागली. एकविसाव्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या संघातून मध्यमगती गोलंदाजी करीत होतो. दोन महिने खांदा दुखत होता. अंतिम सामन्याच्या सकाळी तंबूच्या मागे एका बाकावर बसवून आम्हांला एक सुई टोचण्यात आली. दहा मिनिटांत दुखणे नाहीसे झाले, आणि ती एक चमत्काराची सकाळ वाटली. सतरा षटके टाकली, चार बळी मिळाले, सामना जिंकलो. चषक अजून कोठल्यातरी कपाटात असेल. त्या दिवसानंतर सीमेवरून यष्टिरक्षकापर्यंत चेंडू आम्हांला कधीही फेकता आला नाही, आणि आज घरातली वरच्या फळीवरची बरणी सौभाग्यवती काढून देतात. सुई देणाऱ्यावर आमचा राग नाही. त्या सकाळी आम्हांला कोणी सगळे समजावून विचारले असते, तरी आम्ही 'खेळतो' असेच म्हटले असते. पण विचारले नाही. दुखणे कशाची राखण करीत होते, आणि राखणदाराला झोपवल्यावर आत काय होईल, हे कोणी सांगितले नाही. एवढीच तक्रार आहे, आणि ती अजून गेलेली नाही.

नामांकित खेळाडूंना तरी हे प्रश्न सोपे असतात असे समजू नये. सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. वेस्ट इंडीजचा दौरा त्यांनी सोडला, सप्टेंबरात ते परतले, आणि त्यानंतर सात वर्षांहून अधिक काळ, नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडे मैदानावर निरोप घेईपर्यंत खेळले. वीरेंद्र सेहवाग यांनी २०११ साली दुखऱ्या खांद्याने आयपीएलचे सामने खेळून मग लंडनला शस्त्रक्रिया करून घेतली, आणि ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या कसोटीत उतरून दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद झाले. दुसऱ्या दिवशी पानपट्टीच्या दुकानांवर निकाल लागला की घाई झाली. पण त्याच सेहवाग यांनी त्याच वर्षी ८ डिसेंबरला इंदूरला एकदिवसीय सामन्यात २१९ धावा केल्या; तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. मग कोणता दिवस खरा धरायचा? दोन चेंडूंवरून जसे काही ठरत नाही, तसे एका द्विशतकावरूनही ठरत नाही. कॉडमनच्या मापाने दोन्ही दिवस फार लवकरचे.

याच्या उलट टोकाला सँडी कोफॅक्स. बेसबॉलचा हा फेकणारा १९६६ साली कीर्तीच्या शिखरावर होता. त्या हंगामात त्याने २७ सामने जिंकून दिले. त्याचे कोपर संधिवाताने झिजले होते, औषधे आणि सुया घेऊन तो खेळत होता. त्या नोव्हेंबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो थांबला. खेळ संपल्यावरही आपल्याला पुष्कळ वर्षे जगायचे आहे आणि ती सगळ्या शरीरानिशी जगायची आहेत, असे त्याचे म्हणणे होते. दुखणे कोपराचे होते, पण हिशेब आमच्याच विषयाचा आहे.

कोफॅक्ससारखे थांबा, असा उपदेश करणे सोपे आहे. पण थांबणे ही पोट भरलेल्यांना परवडणारी गोष्ट असते, हे आम्हांला एका शेतकऱ्याने शिकवले. काही वर्षांपूर्वी तो आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाचा उजवा खांदा दोनदा निखळलेला. एकदा कबड्डीच्या मैदानावर, दुसऱ्यांदा गोळा फेकताना. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत पुरुषांना सव्वासात किलोचा गोळा फेकावा लागतो. भरती चार महिन्यांवर होती. वडील म्हणाले, "सायेब, खांद्याचं मागनं बघू. पोरगं भरतीत बसंल का, तेवढं सांगा."

निखळण्याचे शास्त्र असे. म्हाताऱ्या माणसाचा खांदा पडून निखळला तर तो पुन्हा निखळण्याची भीती कमी. कफ फाटला आहे का, ते पाहावे लागते. विशीच्या आतल्या खेळत्या मुलाचा निखळला, तर पुन्हा निखळणार हीच शक्यता मोठी. निम्म्याहून अधिक मुलांच्या बाबतीत तसे होते, आणि प्रत्येक वेळी बशीची कड थोडी थोडी झिजते. हिपॉक्रेटिस अशा खांद्याच्या काखेत तापलेल्या लोखंडाचे डाग देई. आपण सुदैवाने पुढे आलो आहो. या मुलाला शस्त्रक्रिया हवी, हे शल्यविशारदांचे आणि आमचे एकमत होते. पण ती केली की गोळा धरायलाच पाच-सहा महिने, म्हणजे भरती गेली. आणि पुढची कधी निघेल, वयात बसेल का, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

पूर्वी आम्ही ठामपणे 'गोळा बंद' म्हटले असते आणि रात्री स्वस्थ झोपलो असतो. या वेळी आम्ही दोघांना समोर बसवून सगळे सांगितले. आता खेळलात तर काय होऊ शकते, तिसऱ्यांदा निखळला तर काय झिजते, चाळिशीत त्याचे काय होते. आणि शस्त्रक्रिया केलीत तर काय हातचे जाते. सांगायला तास लागला. वडील मधूनच म्हणत, "तुमी म्हनाल तसं." आम्ही म्हणालो, "दादा, आम्ही म्हणायचे नाही. खांदा याचा आहे." मुलगा दोन दिवस विचार करून आला आणि म्हणाला, भरती देतो.

मग आम्ही कामाला लागलो. कफाचे व्यायाम, खवाट्याचे व्यायाम, पण सर्वांत अधिक पायांचे. हात डोक्यामागे वळवून फेकण्याची त्याची मोडकी पद्धत सोडवून, गोळा मानेशी ठेवून कंबरेतून ढकलायला शिकवले. नियमाप्रमाणे गोळा तसाच टाकायचा असतो. सरावाच्या फेकी मोजून ठेवल्या. एक दिवस त्याने चोरून जास्त फेकल्या. दुसऱ्या सकाळच्या वहीने ते सांगितले.

या जागी पालकांना एक सांगून घेतो, कारण बाहेर मैदानावर क्रिकेटची उन्हाळी शिबिरे भरली आहेत. अमेरिकेत ४८१ बालखेळाडूंना, फेकणाऱ्या मुलांना, दहा वर्षे नजरेखाली ठेवण्यात आले. त्याचा निष्कर्ष २०११ साली आला: जी मुले एका वर्षात शंभराहून अधिक डाव फेकत, त्यांना गंभीर दुखापतीचा संभव इतरांच्या साडेतीनपट. खेळ वेगळा असला तरी वाढते हाड तेच. आपल्या मुलाने दिवसात किती चेंडू टाकले ते मोजणारा कोणी त्या शिबिरात आहे का, एवढे विचारून या. धावा मोजणारे तर सगळेच असतात.

आणि खांदा म्हणजे केवळ हात नव्हे, हेही ध्यानात असावे. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर लुळे पडले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी पोहण्याच्या शर्यतीत पॅरालिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. असा माणूस ज्या खांद्यांनी शर्यत जिंकतो, त्याच खांद्यांनी त्याला बिछान्यातून खुर्चीत यावे लागते. चाकाच्या खुर्चीवरचे खेळाडू आमच्याकडे येतात तेव्हा शर्यतीची तारीख आम्ही मागाहून विचारतो. खुर्चीतून उठताना हात कसा टेकता, हे आधी.

तर तो मुलगा. भरतीच्या दिवशी खांदा जागेवर राहिला आणि तो निवडला गेला. प्रशिक्षणात मात्र दहाव्या महिन्यात, भिंतीवरून उतरताना, तिसऱ्यांदा निखळला. शस्त्रक्रिया झाली, प्रशिक्षण मागच्या तुकडीबरोबर पुरे करावे लागले. कड झिजली होती, म्हणून ती चार वर्षांपूर्वी झाली असती त्याहून मोठी झाली, असे म्हणण्याचा मोह होतो; पण खरे अंतर चार वर्षांचे नाही, वर्ष-सव्वा वर्षाचेच होते. तेवढ्यातही हाडाचा तुकडा आणून बसवावा लागला.

कॉडमनपासून घेतलेली एक सवय म्हणून आम्ही अशांना दरवर्षी दिवाळीनंतर बोलावतो आणि एका वहीत लिहून ठेवतो. गेल्या दिवाळीनंतरची त्याची नोंद अशी आहे: नोकरी चालू. लाठी फिरवता येते. दगड लांब फेकता येत नाही. उजव्या कुशीवर झोप लागत नाही. पुन्हा तोच प्रसंग आला तर हेच करीन म्हणतो. मुलगी दोन वर्षांची. जत्रेत तिला डाव्या खांद्यावर बसवतो.